खाट आहे, पण खाटेजवळ कोण आहे?

आम्ही देवरी तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया बोलतो आहोत. आज रेडिओवर आवाज एकीचा असला तरी हे बोलणं आम्ही सगळ्यांनी मिळून तयार केलं आहे. दोन महिने दर शनिवारी बसलो, जुन्या बायांना विचारलं, शिकलेल्या पोरींकडून पुस्तकं वाचून घेतली, आणि त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

विषय आहे दवाखान्यातल्या खाटेचा. कुठल्या भागात किती खाटा आहेत, त्या तिथंच का आहेत, आणि आमच्या वाट्याला त्या कशा आल्या, किंवा का आल्या नाहीत.

हा विषय निघाला ग्रामसभेत. एका भावानं उठून म्हटलं, आपल्या भागात दवाखान्यातल्या खाटा वाढवून मागू, तसा ठराव करू. सगळ्यांनी हात वर केले. आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई मागं बसली होती. तिला सगळं गाव आजी म्हणतं. तिनं हात वर केला नाही. ती म्हणाली, “खाट त माह्या घरी बी आहे. खाटेपाशी कोन राहील, ते सांगा.”

लोक हसले आणि ठराव झाला. पण आजीचं बोलणं आमच्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून आम्ही खाटेचा इतिहास शोधायला बसलो.

आधी आमच्या घरचा इतिहास सांगतो. दवाखान्यातली खाट आम्ही पाहिली त्याच्या कितीतरी आधी आजारी माणूस खाटेवरूनच गावाबाहेर निघत होता. बाजेच्या चार पायांना दोर बांधायचा, मधून बांबू घालायचा, पुढे दोघं, मागं दोघं. वर पाऊस असेल तर घोंगडी. चिचगड, ककोडीकडच्या जंगलपट्टीत सासवांच्या, आजेसासवांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली नाही अशी सून सापडणार नाही. रोवणीच्या दिवसांत नाला भरला की खाट नाल्याच्या अलीकडेच थांबायची. अडलेली बाई, सापानं चावलेला गडी, तापानं फणफणलेलं पोर, सगळे पाणी उतरायची वाट पाहायचे. बाळंतपण मात्र थांबत नसे. ते सुईणीच्या हातानं तिथंच व्हायचं. सुईणीचा हात चांगला होता, पण रक्त थांबलं नाही तर तिच्याजवळ उपाय नव्हता.

म्हणजे आमच्याकडे खाट ही नेण्याची वस्तू होती. जिथं नेऊन ठेवायचं ती जागा लांब होती. ती लांब का होती, हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

इंग्रजांच्या काळात मोठे दवाखाने कुठं निघाले? जिथं छावणी, कचेरी, रेल्वे आणि व्यापार, तिथं. मुंबई, पुणे, नागपूर. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होतं, म्हणून आमच्या बाजूला जे काही मोठं आलं ते आधी नागपुरात आलं. रेल्वेमुळं गोंदिया वाढलं. देवरीला रेल्वे नव्हती, आजही नाही. गाडी पकडायची तर आमगाव गाठायचं. आम्ही जमीनदारीच्या, जंगलाच्या मुलखातली माणसं. इथून सागवान, मोहफूल, तेंदूपत्ता बाहेर जायचा, पण दवाखाना आत येत नव्हता.

शहरात दवाखाने निघाले तरी बाया तिथं जात नव्हत्या, कारण डॉक्टर पुरुष. घरातली माणसं म्हणायची, मरू दे पण परक्या पुरुषाचा हात नको. म्हणून बायांसाठी वेगळे दवाखाने काढावे लागले. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावानं एक निधी उभा राहिला. त्यातून देशात ठिकठिकाणी बायकांचे दवाखाने निघाले आणि बायांना डॉक्टर, नर्स, दाई होण्याचं शिक्षण मिळू लागलं. १८८६ साली मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायांसाठी, आणि बाया डॉक्टरांनी चालवलेलं. आपल्या रखमाबाई राऊत विलायतेतून डॉक्टर होऊन आल्यावर आधी तिथंच कामाला लागल्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विधवा आणि गरजू बायांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवायला सुरुवात केली. लोकांनी नावं ठेवली. आजारी परपुरुषाची सेवा आमच्या सुना करणार का, असं विचारलं. पण बाया शिकल्या.

आम्हाला इथं पहिल्यांदा आजीचं बोलणं आठवलं. तेव्हाच्या बायांना दवाखाना होता, खाट होती, तरी ती त्यांच्या कामाची नव्हती. खाटेजवळ बाई उभी राहिली तेव्हा ती कामाची झाली.

आता नागपूरची एक गोष्ट. ही आमच्या विदर्भातल्या प्रत्येक गटाला माहीत असायला हवी.

कमलाताई होस्पेट नावाच्या बाई होत्या. जन्म १८९६ चा. लहानपणी लग्न झालं आणि लहान वयातच नवरा गेला. त्या काळच्या विधवेचं आयुष्य काय असायचं ते आमच्या जुन्या बायांना सांगायला नको. कमलाताई नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या. मग १९२१ साली वेणूताई नेने यांना सोबत घेऊन त्यांनी मातृसेवा संघ काढला. सुरुवात किती खाटांची? चार. चार खाटांचं प्रसूतिगृह. मागं राजा नाही, सरकार नाही, मोठा पैसा नाही. दोन शिकलेल्या नर्सा आणि चार खाटा. त्यातून पुढे विदर्भात आणि विदर्भाबाहेरही संघाची प्रसूतिगृहं निघाली, मुली नर्सिंग शिकल्या. १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली.

आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा एकीनं म्हटलं, आपला गटही अकरा बायांचा आहे. सगळ्या हसल्या, पण नंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

नागपुरात हे घडत होतं तेव्हा देशात मिळून किती खाटा होत्या? त्याची मोजदाद झाली. स्वातंत्र्याच्या आधी, १९४३ साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. त्यातला हिशेब आम्ही पोरींकडून दोनदा वाचून घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानात हजार माणसांमागे ०.२४ खाट. म्हणजे पाव खाटही नाही. सोपं करून सांगायचं तर चार हजारांवर माणसांमागे एक खाट. आमच्यासारखी चार-पाच गावं मिळून एक. त्याच वेळी इंग्लंडमध्ये हजारामागे ७.१४ आणि अमेरिकेत १०.४८. ज्यांचं राज्य आमच्यावर होतं, त्यांच्या घरी सुमारे एकशे चाळीस माणसांमागे एक खाट होती.

नर्सचा हिशेब त्याहून वाईट. त्रेचाळीस हजार माणसांमागे एक नर्स. आणि या खाटा, या नर्सा बहुतेक शहरांत. मग खेड्यातल्या बाईच्या वाट्याला काय आलं असेल, ते तुम्हीच जाणा.

भोर समितीनं नुसतं रडगाणं गायलं नाही. तिनं सांगितलं की ज्याच्याजवळ पैसा नाही त्यालाही उपचार मिळाला पाहिजे, आणि दवाखाना लोकांच्या घराच्या जितक्या जवळ नेता येईल तितका नेला पाहिजे. लांबचा बेत असा होता की दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचा दवाखाना असावा. तेवढं लगेच जमणार नाही म्हणून चाळीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं. देशात १९५२ सालापासून समूह विकास योजनेबरोबर अशी केंद्रं निघू लागली. चाळीस हजारांचा हिशेबही पाळला गेला नाही. एका विकास गटाला एक केंद्र, तिथं सहा खाटा. अख्ख्या गटाला सहा.

पुढे हिशेब सुधारला. आज सरकारी मापानं सपाटीच्या भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि आदिवासी व डोंगरी भागात वीस हजारांमागे. उपकेंद्र सपाटीला पाच हजारांमागे, आमच्यासारख्या भागात तीन हजारांमागे. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, तीस खाटांचं. ते सपाटीला एक लाख वीस हजारांमागे, आदिवासी भागात ऐंशी हजारांमागे. देवरीला असं ग्रामीण रुग्णालय आहे. आदिवासी भागाला माप वेगळं का? कारण इथं वस्ती विरळ, वाट लांब आणि पावसाळा मोठा. हे वेगळं माप मिळालं हीसुद्धा लढून मिळालेली गोष्ट समजा.

एक गोष्ट आम्हालाच आधी माहीत नव्हती, ती सांगून ठेवतो. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं. ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारच्या आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकाकडे असतं. तेव्हा तक्रार किंवा मागणी करताना कागद कुठं द्यायचा हे आधी पाहावं. आम्ही एकदा चुकीच्या दारात कागद दिला होता. पाच महिने गेले.

आता खासगी दवाखान्याचं पाहू. ज्याला आपण नर्सिंग होम म्हणतो ते. गोऱ्यांच्या देशात नर्सिंग होम म्हणजे आता बहुतेक म्हातारी, अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळायची जागा. आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा झाला. डॉक्टरचं स्वतःचं छोटं रुग्णालय, दहा-वीस खाटांचं, बहुतेक बाळंतपणाचं. मुंबई राज्यानं १९४९ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला. त्यात एक गोष्ट चांगली होती. शिकलेली नर्स हवी, प्रसूतिगृह असेल तर शिकलेली सुईण हवी; नाहीतर नोंदणी नाकारता येईल. पण आधी हा कायदा मोजक्या शहरांपुरता होता. राज्यभर लागू व्हायला २००५ सालची दुरुस्ती यावी लागली. इतकी वर्षं खेड्याकडच्या खासगी खाटेला कायद्याचं माप नव्हतं.

आणि खासगी खाट जाते कुठं? जिथं पैसे देणारं माणूस आहे तिथं. यात डॉक्टरांना शिव्या द्यायचं कारण नाही. किराणा दुकानही तिथंच निघतं जिथं गिऱ्हाईक आहे. म्हणून नागपुरात गल्लोगल्ली नर्सिंग होमच्या पाट्या दिसतात, गोंदियात बऱ्याच दिसतात, तालुक्याला थोड्या, आणि जंगलपट्टीत एकही नाही. सरकारी योजनेचं कार्ड हाती असलं तरी ते जिथं चालतं तो दवाखाना बहुतेक शहरात असतो. कार्ड घरात, खाट नागपुरात. देवरीहून नागपूर म्हणजे दीडशे किलोमीटरच्या घरातलं अंतर. गोंदिया सत्तरच्या आसपास.

हा भागाभागातला फरक काही आम्हीच ओरडून सांगतो आहोत असं नाही. सरकारनंच तो मोजला होता. १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिचा अहवाल १९८४ साली आला. कोणता जिल्हा कशात मागं पडला, रस्त्यात, सिंचनात, शिक्षणात, आरोग्यात, ते तिनं मोजलं. राज्याची सरासरी काढायची, त्याखाली जो जिल्हा असेल त्याची तूट लिहायची. त्या तुटीला नाव दिलं अनुशेष. घरात चार पोरं असतील आणि एकाच्या ताटात रोज अर्धी भाकर कमी पडत असेल, तर वर्षाअखेर ती उधारी किती झाली, तसा हा हिशेब. विदर्भाची उधारी मोठी निघाली. पुढे १९९४ साली विदर्भाला आणि मराठवाड्याला वेगळी विकास मंडळं मिळाली.

पण सरासरीत एक खोट असते. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. जिल्ह्याची सरासरी काढली की त्यात शहराच्या खाटा आणि जंगलाच्या नसलेल्या खाटा एकत्र मिसळतात. विदर्भाची सरासरी काढली की त्यात नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज येतं. ते १९४७ पासूनचं, हजारावर खाटांचं. कागदावर त्या खाटा आमच्याही होतात. पण रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईला त्या सरासरीतली खाट कशी मिळणार?

इतर भागांतही असंच आहे. मेळघाटात धारणीहून अमरावतीला जायचं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास घाट उतरावा लागतो. नंदुरबारला नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर रस्ता नाही, तर तिथं तरंगता दवाखाना बोटीतून फिरतो. सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या आजारात मुंबईला जात नाहीत, सीमा ओलांडून गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात, कारण ते जवळ. आमच्याकडेही काही जण नागपूर सोडून महामार्गानं छत्तीसगडात राजनांदगाव, रायपूरची वाट धरतात. राज्याची सीमा नकाशावर असते, आजारी माणूस जवळची वाट पाहतो. फक्त तिकडे जाण्याआधी आपलं कार्ड चालेल का ते विचारून घ्यावं.

आता बदललं काय तेही सांगायला हवं, नाहीतर आम्ही खोटं बोललो असं होईल.

मेळघाटातल्या बालमृत्यूंवरून राज्यभर गाजावाजा झाला, मग १९९५ साली आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावात आशाताई आली. शेजारच्या छत्तीसगडात त्याच्या आधीपासून, २००२ पासून, मितानिन बाया हे काम करत होत्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत झाली. २०१४ पासून राज्यात १०८ ची गाडी धावू लागली. दोरानं बांधलेली बाज पुष्कळ ठिकाणी गोठ्यात गेली. पुष्कळ ठिकाणी म्हणतो, सगळीकडे नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर नावाची खोली निघाली. दूरच्या पाड्यावरची गरोदर बाई बाळंतपणाच्या काही दिवस आधीच तिथं येऊन राहते, सोबत घरचं माणूस, लहान पोर असेल तर तेही. नाला भरायच्या आत ती नाल्याच्या अलीकडे येते. नावही किती नेमकं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासी लोकांना विचारलं, तुम्हाला कसा दवाखाना हवा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, आणि आमच्या माणसाला एकटं ठेवून आम्ही जाणार नाही. मग शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांसारखा, गावासारखा बांधला गेला. रोग्याजवळ घरची माणसं राहतील असा. त्याला नावही लोकांच्या देवीचं मिळालं, माँ दंतेश्वरी. खाट तीच, पण तिच्या बाजूला आपलं माणूस बसू शकतं म्हणून लोक आले.

आता आमच्यातल्या एकीचं सांगतो. तिनं परवानगी दिली म्हणून. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला गाडी वेळेवर आली, रस्ताही बरा होता. एका सरकारी दवाखान्यात पोहोचली. खाटा होत्या, तिनं स्वतः मोजल्या, सात रिकाम्या होत्या. पण त्या रात्री बाळंतपण करणारी सिस्टर रजेवर होती आणि बदली आलेली नव्हती. पुढच्या दवाखान्यात पाठवलं. तिथून आणखी पुढच्या. पोर गाडीत झालं, रस्त्याच्या कडेला, आशाताईच्या हातांवर. पोर वाचलं, बाईही वाचली. आता ते पोर शाळेत जातं. पण ती म्हणते, “सात खाटा रिकाम्या पाहून मी पुढं गेले, हे मला विसरता येत नाही.”

त्या दवाखान्याच्या कागदावर त्या रात्रीही खाटांची संख्या पूर्णच लिहिलेली असणार.

मग आला कोरोना. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत सगळ्या देशाच्या तोंडी एकच शब्द होता, बेड. बेड मिळाला का? ऑक्सिजनचा बेड आहे का? शहरातल्या मोठ्या माणसांनाही पहिल्यांदा कळलं की खाट नसणं म्हणजे काय. २०२० साली सरकारनं खासगी दवाखान्यांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. त्यानंतर १४ जानेवारी २०२१ ला नर्सिंग होमच्या नोंदणीचे नियमही बदलले. ते तुम्ही लक्षात ठेवा, कारण हे आपल्या रोजच्या कामाचं आहे. प्रत्येक नर्सिंग होमला दरपत्रक दिसेल असं लावावं लागतं. रुग्णांच्या हक्कांची सनद लावावी लागते. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. बाई रोग्याला पुरुष डॉक्टर तपासत असेल तेव्हा जवळ बाई असली पाहिजे. दारात गेल्यावर आधी भिंतीकडे पाहा. पाटी नसेल तर विचारा, दरपत्रक कुठं आहे? विचारायला पैसे लागत नाहीत.

शेवटी एक अशी खाट, जी कुठल्याच मोजणीत येत नाही. घरातली. अर्धांगवायू झालेला सासरा, डोळे गेलेली सासू, हाड मोडून पडलेली आई. त्यांची खाट ओसरीत असते आणि तिच्याजवळची नर्स आपण असतो. पगार नाही, रजा नाही. जपानमध्ये हजार माणसांमागे बाराच्या वर रुग्णालयाच्या खाटा आहेत. आपल्या देशानं २०१७ च्या आरोग्य धोरणात हजारामागे दोन खाटांचं ध्येय ठेवलं आहे. वृद्धांसाठी जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा विभाग असावा अशी योजनाही २०१० पासून आहे. तोवर म्हाताऱ्या माणसांच्या खाटा आपल्याच अंगणात आहेत. तेव्हा गटाच्या बैठकीत हेही बोला की आजारी माणसाजवळ बसलेल्या बाईला आठवड्यातून एक दुपार सुटी कोण देणार. आमच्या एका गटात आता दोघी-दोघींनी पाळी लावली आहे. एकीच्या सासूजवळ दुसरी बसते.

आता ग्रामसभेच्या त्या ठरावाचं पुढे काय झालं ते सांगतो. आम्ही आजीकडे गेलो आणि तिला विचारून ठराव पुन्हा लिहिला. खाटांची मागणी काढली नाही. खाटा हव्याच आहेत. पण तिच्याखाली पाच प्रश्न लिहिले आणि दर तीन महिन्यांनी त्यांची उत्तरं मिळावीत अशी मागणी केली.

रात्रपाळीला बाळंतपण करणारी सिस्टर किंवा डॉक्टर कोण, आणि ती रजेवर गेली तर बदली कोण?

आमच्या गावाहून तिथं पोहोचायला उन्हाळ्यात किती वेळ लागतो आणि पावसाळ्यात किती?

रक्त लागलं तर ते तिथं मिळतं की पुढे जावं लागतं?

सोबत आलेल्या बाईनं रात्री कुठं झोपायचं, तिच्यासाठी संडास आणि पाणी आहे का?

गेल्या तीन महिन्यांत इथून पुढे किती बायांना पाठवलं आणि कशासाठी?

हे प्रश्न गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत विचारता येतात. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीतही विचारता येतात. त्या समित्या तुमच्या गावाच्या नावानं कागदावर आहेत. त्यात कोण बाया आहेत ते पाहा. आमच्या समितीत एका बाईचं नाव होतं, तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. आता ती बैठकीला जाते.

पहिल्या खेपेला आम्हाला दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तीन मिळाली नाहीत. रात्रपाळीच्या सिस्टरचं नाव आता उपकेंद्राच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. बाकीचे तीन प्रश्न पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहोत.

आम्ही एक वहीही सुरू केली आहे. गावातून कोण दवाखान्यात गेलं, कुठं गेलं, किती वेळ लागला, खाट मिळाली का, खाटेजवळ कुणी होतं का, आणि खिशातून किती गेले. नाव लिहीत नाही, फक्त घडलं ते लिहितो. लिहिता येत नसेल तर शाळेतली पोरगी लिहून देते. भोर समितीनं देशाच्या खाटा मोजल्या, दांडेकर समितीनं जिल्ह्याच्या. आमच्या गावाची मोजणी आम्हीच करायला घेतली आहे.

तुमच्या गटातही अशी वही सुरू करा. कुठल्याही भागातल्या असा, पुढच्या महिन्यात आम्हाला कळवा की पाच प्रश्नांपैकी किती उत्तरं मिळाली. रोवणी संपली की आम्ही सगळ्यांच्या वह्या एकत्र वाचायला बसणार आहोत. आजी म्हणाली आहे, तीही येईल, पण तिला बसायला खाट द्यावी लागेल.

राम राम. जय सेवा.